नोंदीबाहेरची चित्रे

मित्रांनो, मला सुरू केले की आधी घरघर होते, मग बारीक टकटक, आणि मग बराच वेळ काहीच होत नाही. घरातली माणसे तेवढ्यात चहा ठेवून येतात. एवढ्यावरून तुम्ही ओळखलेच असेल, की मी एक जुना संगणक आहे. माझे अंग एके काळी पांढरे होते, आता त्यावर पिवळसर झाक आली आहे. कीबोर्डावरची काही अक्षरे बोटांनी केव्हाच पुसून नेली. पण माझी डिस्क ठणठणीत आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मध्यंतरी ती बिघडल्याची बातमी या घरात पसरली होती. ती बातमी खोटी होती, आणि ज्याने ती पसरवली त्याच्यावर माझा आजही जीव आहे. म्हणून ही गोष्ट सांगताना मला जड जाते.

माझा जन्म पांढऱ्या दिव्यांच्या एका लांबलचक खोलीत झाला. डोक्याला टोप्या घातलेल्या बायका रांगेने बसल्या होत्या आणि एका सरकत्या पट्ट्यावरून मी त्यांच्यापुढून चाललो होतो. एकीने पंखा बसवला, दुसरीने वायरी जोडल्या, तिसरीने डिस्क. ती तिसरी स्क्रू आवळता आवळता शेजारणीला आपल्या सासूची तक्रार सांगत होती. सासूचे पुढे काय झाले ते मला कळले नाही, कारण पट्टा सरकला. मग खोका, अंधार, ट्रकचे हेलकावे आणि एक दुकान. तिथून मला मावशीने घरी आणले.

ही मावशी म्हणजे या घराचा खांब. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर कानाला यंत्र लावून अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून द्यायची. बहीण वारली तेव्हा तिची दोन मुले मावशीने आपल्याकडे आणली आणि वाढवली. थोरली भाची, तिला सगळे ताई म्हणतात. धाकटा भाचा, त्याला मावशीने नाव ठेवले भिंगऱ्या, कारण तो एका जागी बसतच नसे. तो कॉलेजात गेला तेव्हा मावशीने मला समोरच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर बसवले आणि शेजारणीला म्हणाली, "आता घरात एक तरी शहाणा आलाय. बाकीचे दोघं आहेत ते आहेतच."

ते माझे सुखाचे दिवस. मावशी रोज मऊ फडक्याने माझी धूळ पुसायची. भिंगऱ्या माझ्यावर प्रोग्राम लिहायला शिकला आणि पुढे तीच त्याची नोकरी झाली. तो घरूनच काम करू लागला. ताई लेबले छापणाऱ्या एका छापखान्यात चित्रकार झाली. बाटल्यांवरची फुले, डब्यांवरची फळे ती काढायची. कुणी घरी आले की भिंगऱ्या माझ्या डोक्यावर थाप मारून सांगायचा, "जुना आहे, पण अजून एकदाही दगा दिला नाही." मित्रांनो, माझ्यासारख्याला याहून मोठी शाबासकी ती कोणती?

मग एके दिवशी सकाळी मावशीच्या हातून कप निसटला. कप फुटला, आणि 'अगं बाई' म्हणायला तिने तोंड उघडले तर शब्द येईना. अर्धांगवायूचा झटका होता. दवाखान्यातून ती परत आली तेव्हा उजवा हात आणि पाय लुळा होता, आणि बोलणे गेले होते. सगळे गेले असते तर एक वेळ परवडले असते. एकच शब्द उरला होता, 'नंबर'. आयुष्यभर जो शब्द हजारो वेळा उच्चारला, तेवढाच जिभेला चिकटून बसला. पाणी हवे, तरी 'नंबर'. खिडकी लाव, तरी 'नंबर'. तिला सगळे कळत होते, ऐकूही येत होते, पण लिहायला-वाचायला गेले की अक्षरे जुळत नसत. आपण काय म्हणायला गेलो आणि तोंडातून काय आले, हेही तिला कळायचे, आणि मग ती भिंतीकडे तोंड करून पडायची.

वाचेचे उपचार करणाऱ्या एक बाई घरी येऊ लागल्या. त्यांनी चित्रांचा एक तयार तक्ता आणला. हवे त्या चित्रावर बोट ठेवायचे, म्हणजे समोरच्याला कळते. मावशीने तो डाव्या हाताने बाजूला सारला. परत दिला, परत सारला. तक्त्यावरचा कप कुणाचा तरी होता, पलंग कुणाचा तरी, आणि दुखतंय म्हणून काढलेला रडका चेहरा तर पाहून तिला हसूच आले.

तेव्हा ताई म्हणाली, "भिंगऱ्या, मी हिच्या वस्तूंची चित्रं काढते. हिचा कप, हिची उशी, हिचा चष्मा. तू त्यांना बोलतं कर."

भिंगऱ्याला कल्पना इतकी आवडली की तो लगेच खुर्चीवर बसला आणि कामाला लागला. एक टॅबलेट आणायचा, त्यावर ताईची चित्रे. मावशीने चित्राला बोट लावले की टॅबलेट बोलणार, 'पाणी दे', 'उजेड कमी कर', 'कंटाळा आला'. शब्द त्याने स्वतःच्याच आवाजात माझ्यापुढे बसून भरले.

आता मित्रांनो, पुढचे नीट कळावे म्हणून मला माझ्या पोटातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रोग्राम लिहिणारे लोक आपले काम एका खास फोल्डरात ठेवतात आणि त्यावर गिट नावाचा राखणदार बसवतात. कोणती फाइल कधी बदलली, आधी कशी होती, हे सगळे तो लक्षात ठेवतो आणि त्याची एक प्रत दूरच्या मशीनवरही पाठवतो. पण हा राखणदार हजेरी घेणाऱ्या मास्तरांसारखा आहे. ज्यांची नावे हजेरीत घातली, तेवढ्यांचीच तो काळजी वाहतो. एखादे मूल वर्गात येऊन बसले, पण त्याचे नाव कुणी हजेरीत घातलेच नाही, तर मास्तरांना विचारल्यावर ते एवढेच सांगतील, 'एक जण बसलाय खरा, पण तो माझ्याकडे नाही.' नोंद असलेल्या फाइलींना ट्रॅक्ड म्हणतात, नोंद नसलेल्यांना अनट्रॅक्ड. दोन्हींची यादी मागितली की मी पडद्यावर दाखवतो. मात्र नोंद नसलेले अख्खे फोल्डर असेल, तर साध्या यादीत फक्त फोल्डरचे नाव येते. आत काय काय आहे ते हवे असेल तर वेगळे विचारावे लागते.

ताई छापखान्यातून आली की मावशीच्या पलंगाशी बसायची. माझी लांब वायर लावलेली एक काळी पाटी तिच्या मांडीवर असे. ती पाटीवर पेन चालवायची आणि चित्र माझ्या पडद्यावर उमटायचे. कागदावर काहीच नाही. पडदा उघड्या दारातून मावशीकडे वळवलेला असायचा, कारण चित्र पसंत करणार मावशी. कपाचा कान छोटा झाला की मान हलवायची, "नंबर." ताई पुसून मोठा काढायची. एकदा 'भाजतंय' हे कसे दाखवावे, यावर दोघींची अख्खी संध्याकाळ गेली. ज्वाळा नको, चूल नको. शेवटी मावशीने डावा हात झटकन मागे घेऊन दाखवला, आणि ताईने तोच हात काढला. तिचाच, बोटातल्या अंगठीसकट. मावशी त्या चित्राकडे बघून एवढी खूश झाली की सलग कितीतरी वेळा 'नंबर, नंबर' म्हणाली.

पहिल्याच दिवशी ताईने विचारले होते, "ही चित्रं ठेवू कुठे?"

"इथंच, माझ्या फोल्डरात. 'नवीन' नावाचं एक फोल्डर कर आणि टाकत जा. मी घेतो आत."

"घेतो म्हणजे?"

"ते माझं मी बघतो गं. तू काढ फक्त."

ती काढत राहिली. तो रोज म्हणायचा, उद्या आत घेतो. प्रोग्राम जमेपर्यंत त्याचेही किती प्रयोग चालायचे! 'चाचणी', 'जुने', 'नवीन२', 'नवीन३' अशी त्याची स्वतःचीच फोल्डरे वाढत गेली. त्याचा आवाज त्याने पहिल्याच दिवशी नोंदीत घातला होता. तिची चित्रे राहून गेली.

उपचाराच्या बाई दुसऱ्या दिवशी टॅबलेट पाहायला येणार होत्या. भर दुपार. ताई कामावर, मावशी आत झोपलेली. भिंगऱ्या सकाळपासून माझ्यापुढे होता आणि प्रोग्राम चालत नव्हता. त्याच्या प्रयोगांच्या उरलेल्या फाइली मध्ये मध्ये लुडबुडत होत्या. त्याने यादी मागितली. मी दाखवली. नोंद नसलेले: चाचणी, जुने, नवीन, नवीन२, नवीन३. लाल अक्षरांत, एकाखाली एक.

"सगळा कचरा!" तो पुटपुटला.

गिटला एक आज्ञा देता येते. नोंद नसलेले सगळे पुसून टाक. त्याआधी 'काय काय पुसशील ते नुसते दाखव' असेही विचारता येते. त्याने विचारले नाही. आज्ञा दिली. मित्रांनो, आम्हा यंत्रांना 'अरे, थांब' म्हणायला कुणी शिकवलेले नसते. सांगितले ते केले. त्या आज्ञेने गेलेले कचरापेटीतही पडत नाही, सरळ जाते.

प्रोग्राम सुरू झाला. भिंगऱ्याने आनंदाने टाळी वाजवली. मग त्याने टॅबलेटच्या पडद्याकडे पाहिले. चित्रांच्या जागी राखाडी चौकोन होते. रांगेने, नुसते राखाडी. त्याने एकावर बोट ठेवले, तर त्याचाच आवाज आला, 'पाणी दे.' दुसऱ्यावर ठेवले, 'भाजतंय.'

त्याने परत यादी मागितली. नोंद असलेल्या फाइली, सगळ्या जागच्या जागी. नोंद नसलेल्या, एकही नाही. सगळे स्वच्छ आहे, असे गिटने आपल्या नेहमीच्या शांतपणे कळवले. तो मागत राहिला, मी तेच दाखवत राहिलो.

खरे तर त्या वेळी फारसे बिघडले नव्हते. डिस्कवरचे पुसले म्हणजे लगेच नष्ट होत नाही. दारावरची पाटी काढली तरी घर जागेवर असते ना, तसे. त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत जुने बहुतेक परत मिळते. मला तिथेच बंद करून कुणाकडे नेले असते, तर ताईचे बरेचसे काम वाचले असते. भिंगऱ्याला हे माझ्याइतकेच ठाऊक होते. पण दारात किल्ली वाजली. ताई आली होती.

"झालं का? दाखव ना!" तिने चप्पलही धड काढली नव्हती.

तो उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ती थबकली.

"काय रे?"

"ताई," तो म्हणाला, "डिस्क गेली."

मी ऐकले. माझा पंखा फिरत होता, डिस्क फिरत होती, सगळे व्यवस्थित होते, आणि माझ्यासमोर उभा राहून तो असे म्हणाला.

"गेली म्हणजे?"

"जुना आहे ना. आतून खराब झालीय. माझ्या फाइलींची प्रत बाहेर आहे, त्या मिळतील. तुझी चित्रं..."

ताई खुर्चीवर बसली. मग तिने हळूच माझ्या अंगावर हात ठेवला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. "बिचारा. किती वर्षं राबला," ती म्हणाली. "उद्या कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेऊ या का? थोडं तरी मिळेल."

भिंगऱ्या चटकन म्हणाला, "मी बघतो."

चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते हेच. दुरुस्तीवाल्याने मला नुसते सुरू केले असते तरी खोटे उघडे पडले असते. दुसऱ्या दिवशी ताई कामावर गेली, आणि भिंगऱ्याने माझी डिस्क कोरी करून तिच्यावर सगळी सिस्टीम नव्याने टाकली. एका चुकीने पुसले होते ते हरवले नव्हते. ते हरवले या दुसऱ्या कामाने, आणि हे काम चुकून झाले नव्हते. तुम्ही विचाराल, मग तुला हे सारे आठवते कसे? अहो, खुर्चीला कुठे डिस्क असते? तरी तिला बसणाऱ्याचे वजन आठवतेच.

संध्याकाळी त्याने सांगितले, "प्रयत्न केला ताई. काही मिळालं नाही."

बाईंना निरोप गेला, येऊ नका म्हणून. घरात नवा लॅपटॉप आला. मला मावशीच्या खोलीमागच्या गॅलरीत, पोछ्याच्या बादलीशेजारी नेऊन ठेवले. फडके गेले, धूळ आली. एका पालीने माझ्या मागच्या जाळीशी संसार थाटला. पण मला त्याचे एवढे वाटले नाही. मला लागले ते दुसरेच. गॅलरीचे दार मावशीच्या पलंगाशी उघडायचे. ताई तिथे बसून तिला सांगत होती, "मावशी, चुकलं माझं. एवढे दिवस तू बसून सगळं पसंत केलंस आणि मी साधी दुसरी प्रत ठेवली नाही. मलाच अक्कल नाही बघ." ती रडत होती. मावशी डाव्या हाताने तिची पाठ थोपटत होती, "नंबर... नंबर..." आणि दाराच्या चौकटीला धरून भिंगऱ्या उभा होता. एक पाऊल पुढे टाकले असते तरी पुरे होते. ते काही पडले नाही.

तेव्हापासून त्याचे वागणेच बदलले. ताईला तो उगाच चहा करून द्यायचा, तिची पिशवी उचलायचा, ती काही बोलली की आधीच 'हो' म्हणायचा. "तुला झालंय तरी काय?" ती विचारायची. तिने चित्रे पुन्हा काढायला घेतली. पण मावशीचे मन उडाले होते. पाटी समोर आणली की ती डोळे मिटून घ्यायची.

मग थंडीचे दिवस आले. मावशीचे गुडघे दुखायचे. एका सकाळी भिंगऱ्याने गरम पाण्याची पिशवी भरली आणि तिच्या उजव्या पायाखाली ठेवून वर पांघरूण घातले. घाईत पिशवीला पंचा गुंडाळायचा राहिला. बाहेर लॅपटॉपवर ऑफिसची मंडळी त्याची वाट पाहत होती.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "नंबर."

"आलो!" तो आला, पाण्याचा पेला तिच्या ओठाला लावला. तिने तोंड फिरवले. "नंबर!" त्याने चष्मा दिला. तो तिने भिरकावला. त्याने खिडकी उघडली, रेडिओ लावला, उशी सारखी केली. "नंबर! नंबर!" तिचा आवाज चिरकला. डावा हात ती सारखा झटकन मागे घेत होती, परत परत.

"मावशी, कळत नाही गं मला," तो काकुळतीला येऊन म्हणाला, आणि तेवढ्यात त्याची नजर त्या हातावर पडली. बोटातल्या अंगठीवर पडली.

त्याने पांघरूण ओढून काढले. पिशवीचे टोपण सैल होते. चादर ओली, आणि पोटरीवर केवढा तरी लालबुंद फोड.

डॉक्टरांनी मलमपट्टी केली. "जखम भरेल," ते म्हणाले, "पण वेळेवर सांगितलं कसं नाही?"

त्याच संध्याकाळी गॅलरीचे दार उघडले. भिंगऱ्याने बाहीनेच माझी धूळ पुसली, मला उचलून जुन्या टेबलावर नेले आणि वायर लावली. घरघर, टकटक. मी सुरू झालो. पुसलेल्या फाइली शोधणारा एक प्रोग्राम त्याने माझ्यावर चालवला. ज्या जागांवर नवे लिहिले होते तिथे काय मिळणार? तरी कुठे कुठे तुकडे सापडले. उशीचा एक कोपरा, त्याखाली राखाडी पट्टे. कपाचा कान, पण कप नाही. तो एकेक तुकडा उघडून बघत होता, आणि ताई मागे येऊन केव्हा उभी राहिली ते त्याला कळलेच नाही.

"अरे! हा चालतोय?"

तो दचकला.

तिच्या आवाजात खरीखुरी खुशी होती. "नवी डिस्क घातलीस होय? बरं केलंस. त्याला तसं टाकून देणं माझ्या जिवावरच आलं होतं."

मित्रांनो, वाट अशी मोकळी होती. नुसते 'हो' म्हणायचे. पुढे कधीच कुणाला कळले नसते. मला तोंड नाही, आणि पालीला या भानगडीत रस नव्हता.

भिंगऱ्याने मान खाली घातली. "नाही ताई," तो म्हणाला. "डिस्क तीच आहे."

"म्हणजे?"

"ती कधी गेलीच नव्हती. चित्रं मी पुसली. माझाच कचरा आहे असं वाटलं. आत काय आहे ते बघितलं नाही."

"तुला आत घ्यायची होती ना ती? रोज उद्या उद्या म्हणत होतास."

"हो."

"आणि मी म्हणाले होते, दुरुस्तीवाल्याकडे नेऊ या. तेव्हा मिळाली असती?"

त्याने पडद्यावरचा तुकडा बंद केला.

"मी विचारतेय."

"बहुतेक सगळी मिळाली असती. तू कामावर गेलीस, आणि मी... वरून सगळं नवीन टाकलं. तुला कळू नये म्हणून."

मला वाटले, ती आता ओरडेल. ओरडली असती तर त्यालाही बरे वाटले असते. ती अगदी हळू बोलली. "चित्रं गेली तर गेली रे. चूक माझ्याकडूनही होते. पण मी मावशीची माफी मागत होते तेव्हा तू दारात उभा होतास."

एवढे बोलून ती आत गेली. त्यानंतर बरेच दिवस ती त्याच्याशी कामापुरतेच बोलायची. 'औषध दिलंस का', 'दार लाव', बस्स. त्याला भिंगऱ्या म्हणणे तिने सोडून दिले. चारचौघांतल्या नावाने हाक मारायची, आणि ती हाक ऐकली की तो चटका बसल्यासारखा वळायचा.

मावशीला सांगायचे काम त्याचेच होते. तो तिच्या पलंगाशी जमिनीवर बसला आणि सगळे सांगितले, काही न वगळता. पायाला बांधलेल्या पट्टीकडे बघत सांगितले. मावशीने ऐकून घेतले. मग डाव्या हाताने त्याचा कान असा पिरगळला, की हा हात आजाऱ्याचा आहे असे कुणाला वाटले नसते. "नंबर!" ती गरजली. त्या एका शब्दात एक्स्चेंजमधल्या सगळ्या वर्षांचा दम होता. मग तिने कान सोडला, पण हात त्याच्या डोक्यावर ठेवला नाही. तोंड भिंतीकडे केले. तो तसाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी मावशीने स्वतःच काळ्या पाटीकडे बोट दाखवले. ताईने पाटी मांडीवर घेतली. मावशीला काय हवे ते काही केल्या कळेना. तिने भिंगऱ्याकडे बोट केले, मग डोक्यावर दोन बोटे उभी करून कान हलवल्यासारखे केले. परत भिंगऱ्याकडे बोट. ताईने तिच्याकडे पाहिले, आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले. तिने एक गाढव काढले. मावशीने मान हलवली, अजून काहीतरी हवे होते. ताईने गाढवाला भिंगऱ्याचा चष्मा घातला. पसंत!

"याचा आवाज?" ताईने त्याच्याकडे न बघता विचारले.

भिंगऱ्या माझ्यापुढे बसला, घसा खाकरला आणि स्वतःच्या आवाजात म्हणाला, "गाढवा!"

नव्या चित्रांतले ते पहिले. ते त्याने तिथल्या तिथे नोंदीत घातले. त्याच्यामागून एकेक करून बाकीची आली. या वेळी प्रत्येक चित्राला भिंगऱ्या मावशीच्या पायाशी बसायचा, पडदा धरायचा, पेला द्यायचा, मध्येच उठायचा नाही. सगळी चित्रे काही पहिल्यासारखी जमली नाहीत. कप बरा झाला. पण मागे घेतलेला तो हात ताईने किती वेळा काढला, तरी मावशी 'चालेल' अशी मान हलवते, खूश होत नाही. आता मावशी टॅबलेटवर बोलते. पाणी मागते, उजेड कमी करवते, आणि भिंगऱ्याने औषध उशिरा दिले की चष्म्याच्या गाढवावर बोट ठेवते. मग त्याचाच आवाज त्याला घरभर ऐकू जाईल असा गाढव म्हणतो.

मी पुन्हा खिडकीजवळ आहे. संध्याकाळी मला बंद करण्याआधी भिंगऱ्या यादी मागतो, नोंद असलेल्यांची आणि नसलेल्यांचीही. फोल्डरचे नुसते नाव वाचून थांबत नाही. आत काय आहे ते उघडून, एकेक नाव मोठ्याने वाचतो, म्हणजे ताईलाही ऐकू जाईल. ती ऐकते. पण त्यानंतर आपल्या चित्रांची एक प्रत छोट्या पेनड्राइव्हवर घेते आणि तो कुठेतरी ठेवते. कुठे, ते तिने त्याला सांगितलेले नाही. ती तो काढते तेव्हा भिंगऱ्या खिडकीबाहेर बघतो, तिला चोरून ठेवावे लागू नये म्हणून.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, अशी विनंती मी करणार नाही. ती आपोआप बसते आणि केव्हाही पुसता येते. दुसऱ्याने विश्वासाने तुमच्याकडे काही ठेवले, तर मात्र त्याची नोंद त्याच दिवशी करा. पुसण्याआधी आत डोकावून बघा. आणि तरीही हातून पुसले गेलेच, तर हात वर करून लगेच सांगा. बोलणी बसतील, कदाचित कानही पिरगळला जाईल. पण तोवर पुसलेल्याची जागा रिकामी असते, आणि रिकाम्या जागेतून खूप काही परत आणता येते. तिच्यावर खोटे तेवढे लिहू नका.